फौजदाराची खाज

गल्लीत तिला सगळे गादीवाली ताई म्हणत. जुनी गादी उसवायची, दडपलेला कापूस मोकळा करायचा, नव्या खोळीत भरून टाके घालायचे, हे काम ती वडलांकडून शिकली. घर म्हणजे एकच लांबट खोली. पुढच्या अर्ध्यात गाद्या, मागच्या अर्ध्यात वडलांची, म्हणजे अण्णांची, खाट. अर्धांगवायूनंतर त्यांची जीभ जड झाली होती. दिवसभरात एकच शब्द धड निघे, "फौजदार". तो त्यांचा कुत्रा. दारात आलेल्या प्रत्येकाची झडती घ्यायचा, म्हणून हे नाव.

एका दुपारी फौजदाराचं तोंड फुगलं, डोळे मिटले, अंगभर गांधी उठल्या. ताईने त्याला चादरीत गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. इंजेक्शनने सूज उतरली, खाज मात्र राहिली. कान चिघळले, पोटावरचे केस झडले. तिसऱ्या खेपेला बाईंनी रक्त तपासायला पाठवलं. त्यात ताईची सगळी शिल्लक गेली.

"धुळीतल्या बारीक किड्यांची ॲलर्जी आहे," बाई म्हणाल्या. "जुन्या गाद्यांत ते फार असतात. तुम्ही काम काय करता?"

ताईने बाहीवरचा कापूस झटकला. "हेच."

रोजची गोळी, औषधी शाम्पू, कानाचे थेंब. आठवड्याच्या औषधांना तीन गाद्यांची मजुरी लागे. म्हणून ती तीन गाद्या जास्त घेऊ लागली. तेवढी धूळ वाढली आणि फौजदार आणखी खाजवू लागला. हे तिला दिसत नव्हतं असं नाही.

तिने जिन्यात बसून काम करून पाहिलं. वरच्या काकू म्हणाल्या, "कुत्र्याचं झालं, आता आम्हाला शिंकायला लावतेस का?" फोमच्या गाद्यांच्या दुकानात नोकरी मिळत होती, पण तेवढा वेळ अण्णांजवळ कोण बसणार?

शेवटी धाकटी बहीण फौजदाराला घेऊन गेली. आठ दिवसांत त्याची खाज थांबली. इकडे अण्णांनी जेवण सोडलं. चमचा तोंडाशी आला की मान फिरवायचे आणि दाराकडे बघत राहायचे.

ताईने बहिणीला फोन केला. "त्याला आणून सोड."

"अगं, इथे मजेत आहे तो. तिथे पुन्हा तेच होणार."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय. त्याच्या खाजेला गोळी तरी आहे. अण्णांसाठी गोळी लिहून देणारं कुणी आहे का?"

फौजदार परतला. अण्णांनी वाटीभर भात खाल्ला, चांगला हात त्याच्या मानेवर ठेवून झोपले. ताईने खोलीच्या मधोमध प्लॅस्टिकचा पडदा बांधला, दिवसातून तीनदा ओल्या फडक्याने फरशी पुसली. चौथ्या दिवशी पडद्यामागून फौजदार पंजाने कान खाजवत असल्याचा आवाज आला.

संध्याकाळी हातगाडीवाला दोन जुन्या गाद्या घेऊन दारात उभा राहिला. परत पाठवायच्या, असं तिने ठरवलं होतं. तिने फौजदाराच्या उरलेल्या गोळ्या मोजल्या. मग बाजूला सरकली आणि म्हणाली, "ठेव आत."