बाहेर बसवलेली आई

आईच्या पित्ताशयातले खडे आमच्या कोपरीच्या घरात टीव्हीशेजारी एका बाटलीत ठेवलेले होते. ऑपरेशननंतर डॉक्टरांनीच ते दिले होते. भेटायला येणारा प्रत्येक जण बाटली हलवून बघायचा आणि आई ऐटीत सांगायची, "एवढे दगड पोटात घेऊन मी स्वयंपाक करत होते."

मग काढलेल्या पित्ताशयाचा रिपोर्ट आला. त्यात कॅन्सर निघाला. दादा म्हणाला, "आईला सांगायचं नाही. धसका घेईल ती." मला हे अजिबात पटलं नव्हतं, पण आमच्याकडे पेशंटला असं कोणी सांगतच नाही, म्हणून मीही गप्प बसले. जखम भरली का बघायला स्कॅन करायचाय, असं आम्ही तिला सांगितलं. लोक येतच होते. खडे खुळखुळले की ती बाटली भिरकावून द्यावीशी वाटायची मला.

स्कॅन घेऊन ठाण्यातल्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. नंबर आल्यावर दादा म्हणाला, "आई, तू इथेच बस. आम्ही आलोच." आत डॉक्टर फिल्म उजेडात धरून बघत होते. रोग यकृतात पसरलाय का, एवढंच मला ऐकायचं होतं. तेवढ्यात दार उघडून आई आत आली आणि पेशंटच्या स्टुलावर बसली.

"अगं, तू कशाला आलीस?" दादा उठलाच.

"खड्यांच्या वेळी मला कोणी बाहेर बसवलं नव्हतं," ती म्हणाली. "डॉक्टर, कॅन्सर आहे ना? जगेन का मी?"

डॉक्टरांनी सवयीने आमच्याकडे बघितलं.

"त्यांच्याकडे नका बघू. पोट माझं आहे."

मग ते तिच्याशीच बोलले. रोग पित्ताशयाच्या भिंतीत खोलवर गेला होता. स्कॅनमध्ये बाहेर कुठे दिसत नव्हता. यकृताचा थोडा भाग आणि आसपासच्या लसिकाग्रंथी काढाव्या लागणार होत्या. "पसरला नसेल तर बरेच जण पुढे कित्येक वर्षं जगतात. पसरला असेल तर आशा फार कमी. पोट उघडल्याशिवाय मी शब्द देणार नाही."

"मग लवकर उघडा," आई म्हणाली.

बाहेर चपला घालताना तिचा तोल गेला. मी तिला धरलं.

"आता स्वयंपाकघरात कुजबुजणं बंद करा," ती म्हणाली. "मी आत एकटी पडलेली असते, तेव्हा फार भीती वाटते गं."