वेशीचं दार

निवृत्त झाल्यावरही शांतवन सर परीक्षेच्या दिवसांत कॉलेजच्या फाटकाबाहेर येऊन उभे राहत. साखरखेर्ड्याची एसटी दिसली की वॉचमनला ओरडून सांगत, "थांब बे, कुलूप नको लावू! पोरी येऊन राह्यल्या!" नव्या मुलांना गंमत वाटे. मी तोवर तिथंच शिकवायला लागले होते; मला त्यांच्याकडे बघवत नसे. शेवटच्या आजारपणापर्यंत त्यांनी हे चुकवलं नाही.

सर आम्हाला देऊळगाव राजाच्या कॉलेजात नीतिशास्त्र शिकवत. ते अमडापूरच्या ख्रिस्ती घरातले. मध्ययुगातले ख्रिस्ती विचारवंत शिकवतानाही त्यांची वऱ्हाडी सुटत नसे. "देवानं कायदा मानसाच्या बुद्धीतच ठेवला हाय. भलं करा, वाईट टाळा, हे कोनाले शिकवा लागते का?" किंवा, "सद्गुण म्हंजे सवय. पुस्तक वाचून पोहनं येते का कधी?" मी इंग्रजी शाळेतून आलेली, कुणाशी फारसं न बोलणारी. सरांचं जे समजत नसे ते शेजारी बसणारी रुबिना माझ्या कानात सांगे. ती साखरखेर्ड्याहून रोज एसटीनं यायची.

वेशीचं उदाहरण सरांचं आवडतं. लुटारूंची भीती, म्हणून पंचांचा हुकूम, की अंधार पडल्यावर वेस उघडायची नाही. अन् आपलेच लोक जीव मुठीत घेऊन दाराशी आले तर? "हुकूम कायच्यासाठी होता? गाव वाचवाले. मंग उघड ना बे दार! हे उमजनं म्हंजे विवेक. बाकी सारे सद्गुण त्याच्या मागं चालतात."

आमच्या शेवटच्या वर्षी नीतिशास्त्राच्या पेपरला फाटकाची जबाबदारी सरांकडेच होती. उशिरा येणाऱ्यांची मुदत नुकतीच संपलेली, आणि रुबिना धावत आली. एसटी वाटेत बंद पडली होती. माझा बाक फाटकाकडच्या खिडकीशी होता, सगळं ऐकू येत होतं.

"सर, घरचे पुढच्या साली बसू देनार नाहीत."

सर घड्याळाकडे बघत राहिले. "नियम हाय माय. एकीले सोडलं तं..."

कुलूप तसंच राहिलं.

निकालानंतर सर तिच्या घरी माफी मागायला निघाले. मुलीच्या घरी एकटं कसं जावं, म्हणून मला सोबत घेतलं. रुबिनाचं लग्न ठरलं होतं. सर दारातच थांबले. "चुकलो माय. जिंदगीभर शिकवलं, अन् येळेवर मलेच उमजलं नाही."

"बसा ना सर, उभे काऊन?" रुबिनानं चहा पुढे केला. मग हसून विचारलं, "वेशीचा सवाल आलता का हो पेपरात? मले पुरा पाठ होता."

सरांनी कप खाली ठेवला. "आलता."

ती माझ्याकडे वळली. "तू लिवला?"

"हो."

"बरं झालं," ती म्हणाली. तिला खरंच बरं वाटलं होतं.

मी तो प्रश्न आधी सोडवायला घेतला होता. मान वर केली की फाटकाच्या गजांमागे तिची ओढणी दिसायची. मी बाकावरून सरांना हाक मारली असती, तर ऐकू गेली असती.