मग आणि म्हणून

लताबाई एरंडोलच्या जीवरामची दुसरेपणाची बायको. बोहल्यावरच तिच्या गळ्यात मेलेल्या सवतीचा, मंजुळाबाईचा, चांदीचा टाक पडला. नवं लुगडं असो की पहिला घास, सगळं आधी टाकाला दाखवायचं, मग आपण घ्यायचं. मंजुळा कशी गेली हे शेजारच्या ताईबाईने एकदाच सांगितलं होतं. "दिवेलागणीनंतर मागच्या विहिरीवर गेली, मग पाय घसरला, मग मेली."

"दिवेलागण झाल्यावर विहिरीवर कशाला?" लताने विचारलं, तर ताईबाईला एकदम चुलीवरचं दूध आठवलं.

जीवराम नरडाण्याला कारखान्यात होता, रविवारपुरता घरी यायचा. बायको बाहेरून बी.ए. करते म्हणाली, त्याने हो म्हटलं. पेपर जळगावला होता. परत यायला अंधार पडणार, हे लताने सासूला अजून सांगितलं नव्हतं. तेवढं तोंडातून निघत नव्हतं.

अभ्यासाला कादंबरी होती एका लढवय्या बाईची. वज्रिका तिचं नाव. न पाहिलेला मुलूख, पंखांची जनावरं, बोलणारी तलवार. शिकवणारे पंडित सर म्हणाले होते, "मग असं झालं, मग तसं झालं, ही नुसती हकिकत. 'मग'च्या जागी 'म्हणून' आला की कथानक. आणि तो 'म्हणून' माणसाच्या स्वभावात शोधायचा."

लता दुपारी मोठ्याने वाचायची. सासू, धुरपदाबाई, शेंगा फोडत ऐकायची.

"पहिले तिले दखाड," पहिल्याच दिवशी धुरपदाबाई म्हणाली.

"पुस्तकसुद्धा?"

"नवं शे ना?"

लताने हसत पुस्तक टाकाला लावलं. चैत्रातलं ऊन, पत्रा तापून कडकड वाजत होता, आणि टाक मात्र रांजणातून काढल्यासारखा गार.

त्या दिवसापासून सासू पुढचं सांगू लागली. "आते तिना घोडा मरी." पान उलटलं की घोडा मेलेला. "आते बहीन फितूर व्हई." बहीण फितूर झालेली. धुरपदाबाईला अक्षर ओळखता येत नव्हतं.

"माय, कोणाकडून ऐकलं हे?"

"ती सांगस ना," टाकाकडे मान करून धुरपदाबाई शेंग फोडत म्हणाली. जणू नळाला पाणी आलं का, याचं उत्तर द्यावं तसं.

शेवटच्या भागाजवळ आल्या त्या दिवशी वाचता वाचता सांज झाली. राजाची परवानगी न घेता वज्रिका त्याच फितूर बहिणीला सोडवायला गेली होती, आता जखमी होऊन परत निघाली होती. धुरपदाबाईचे हात थांबले.

"ती घर येई. पन दार कोनी उघडनार नही."

लताने पान उलटलं. गडाचा दरवाजा बंद होता. वज्रिकेने हाका मारल्या, आणि आतल्यांनी दिवे मालवले. पुढच्या ओळीत ती तळ्याकडे वळली होती.

लताने पुस्तक मिटलं. "माय, त्यांनी का नाही उघडलं?"

"इचारा बिगर मायेर गयथी," धुरपदाबाई म्हणाली. वज्रिकेला माहेर नव्हतं. "दिवा लावाना टाइमले उनी. मी दार उघडं नही, म्हनीसन ती इहिरवर गयी."

म्हनीसन. पंडित सरांचा 'म्हणून' तो हाच. सासू रोज मागच्या दाराची कडी काढून ठेवायची, आणि चोरांच्या भीतीने लता ती गुपचूप लावायची. आजही लावली होती.

त्याच दारावर थाप पडली. जोरात नाही, ओल्या हाताने मारावी तशी.

लता उठली नाही. धुरपदाबाईच उठली, भिंतीला धरत गेली आणि कडी काढली. बाहेर केळीची पानं हलत होती, माणूस नव्हतं. म्हातारी पदर सावरून बाजूला झाली, कुणाला आत येऊ द्यावं तशी.

"माय," लता म्हणाली, "पेपरला जळगावला जाईन. यायला अंधार होईल."

धुरपदाबाईने दाराच्या कडीकडे बोट केलं. "जाय. पन पहिले ती कडी उखाडी टाक."

लताने जीवरामचा पेचकस आणला. गंजलेले स्क्रू निघता निघेनात. शेवटी कडी हातात आली, तेव्हा गळ्यातला टाक पहिल्यांदा अंगाइतकाच कोमट लागला. उंबऱ्यापासून सतरंजीपर्यंत ओल उमटली होती. ती ओलांडून लता बसली, थोडं सरकून बाजूला जागा केली आणि पुस्तक उघडलं.