रुळांखाली गेलेले पांडव

आमच्या काकांना भाषणे आवडत नसत. अध्यक्षपद मात्र आवडे. त्या वर्षी सोलापुरात वाचनालयात पुण्याच्या एका प्राध्यापकांचे व्याख्यान झाले, तेव्हा हार काकांच्याच गळ्यात होता. विषय होता देशाच्या खनिज संपत्तीचा ऱ्हास आणि त्याचे मोजमाप. प्राध्यापक म्हणाले, सोने, कोळसा एकदा काढला की पुन्हा उगवत नाही. त्याच्या विक्रीला उत्पन्न म्हणणे म्हणजे घराची तुळई जाळून अंघोळीचे पाणी तापवणे आणि सरपण फुकट मिळाले म्हणून खूश होणे. सगळ्यांत मोठ्याने टाळ्या काकांनी वाजवल्या.

काकांची सुबत्ता होटगीजवळच्या शेतातल्या दगडाच्या खाणीतून आली होती, हे सभेत कोणाच्या लक्षात आले नाही. काकांच्याही नाही. मोठा दगड शहरात इमारतींना जाई, लहान फोडून रेल्वेच्या रुळांखाली. आता विहिरीकडचा एक तुकडा तेवढा उरला होता. वेळ अमावास्या झाली की तोही देतो, असे त्यांनी कंत्राटदाराला कळवले होते. काकूंचा त्याला विरोध होता, पण काकूंना कोणी अध्यक्ष केले नव्हते.

वेळ अमावास्येला शेतात कडब्याची खोप करायची, तिच्यात शेतातलेच पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, रानभर आंबील शिंपडायची आणि मग जेवायचे. काकांनी मुक्कामाला थांबलेल्या प्राध्यापकांनाही बैलगाडीत घालून आणले. खोप उभी होती, शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचा वास सुटला होता, पण पांडव नव्हते. लिंबाखाली ठेवलेले दरवर्षीचे पांडव कंत्राटदाराच्या माणसांनी फोडून खडीत घातले होते.

"दुसरे घ्या की," काका म्हणाले.

दुसरे नव्हते. काकांच्या विक्रीत कसूर नव्हती; चुरासुद्धा रस्त्यावर गेला होता. उरलेल्या तुकड्यावर नुसती काळी माती.

"शेजारच्या रानातले आणू."

"अहो, त्याचे पांडव पुजले तर पीक कुठं येईल? त्याच्याच रानात की!" काकूंचे माहेर मैंदर्गीचे. फार रागावल्या की त्या कानडीत बोलत. अजून मराठीतच होत्या.

शेवटी काका जरीचा रुमाल सावरत शेताजवळून जाणाऱ्या रुळांकडे निघाले. तिथली खडी आपलीच, असा त्यांचा मुद्दा. ते वाकून दगड निवडत असतानाच रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीचा मुकादम आला.

"मालक, ठिवा ते. रेल्वेचं हाय."

"अरे, माझ्याच शेतातला दगड आहे!"

"समदे असंच म्हणत्यात. वळखा बरं, ह्यातला तुमचा कंचा?"

काकांनी दोन-तीन दगड हातात फिरवून पाहिले. सगळे सारखेच होते.

"परत मिळवायला किती खर्च पडतो, तेही हिशेबात धरायला हवं," मागून प्राध्यापक म्हणाले. उदाहरण सापडल्यावर विद्वानांना होतो तसा आनंद त्यांना झाला होता.

सौदा ठरला: पाच दगडांना सगळ्या टोळीचे जेवण. टोळी मोठी होती आणि सकाळपासून उपाशी होती. काकांच्या वाट्याला अर्धी भाकरी आणि आंबिलीचा तळ आला. तेव्हा काकू कानडीत बोलल्या. अर्थ एवढाच की, पुढच्या वर्षी खोपही रुळांवरच घालू या.

संध्याकाळी कंत्राटदार आला. काका म्हणाले, "विहिरीकडचं द्यायचं नाही."

त्याने दर वाढवून पाहिला.

"तेवढ्या पैशात ती टोळी दरसाल जेवेल का?" काकांनी विचारले.

कंत्राटदाराला काही कळले नाही, तो गेला. प्राध्यापकांना वाटले, आपल्या व्याख्यानाचा परिणाम झाला. काकूंनी त्यांना तसे वाटू दिले, पाहुणे होते.