बैठकीतलं तळं

उभ्या औरंगाबादेत गणिताशी हुज्जत घालणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका आमच्या ताईच्या वाट्याला आला. दाजी कॉलेजात गणित शिकवायचे. जीव जितके जास्त आणि त्यांचे आपसांतले संबंध जितके जास्त, तितका सृष्टीचा पसारा डळमळीत, असं त्या काळी समीकरणांतून निघत होतं. दाजींना ते साफ नामंजूर होतं. "मंग बिडकीनच्या वाटंवरलं तळं कसं टिकलं?" असं म्हणून त्यांनी ते तळंच बैठकीत आणलं. म्हणजे ताईच्या काचेच्या बांगड्या छताला टांगल्या. शेवाळापासून बगळ्यापर्यंत एकेका जीवाची एकेक बांगडी. कोण कुणाला खातं ते पाहून त्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी एकमेकींना बांधल्या. आलेल्या पाहुण्याला आधी एक बांगडी ओढावी लागे. सगळं हलून पुन्हा जागेवर आलं तर चहा. नाही आलं तर दाजी पट्ट्या सैल-घट्ट करत बसत आणि पाहुणा कोरडाच परते. ताईनं एकदा तिथं ओला टॉवेल वाळत घातला, तर केवढ्यानं ओरडले, "अगं, बेडकं मारलीस ना समदी!"

नामांतराच्या दिवसांत शहर तापलं होतं. दाजींच्या मागच्या खोलीत मराठीचे एक सर भाड्यानं राहत आणि नामांतराच्या मोर्चात पुढं असत. चिकलठाण्याच्या कारखान्यांत नव्यानं लागलेले शेजारी एका संध्याकाळी जमून आले. "प्रोफेसरसाब, सरांना खोली खाली करायला सांगा. एकसारखी माणसं असली की कटकट नाय."

सर दारात ट्रंक घेऊनच उभे होते. "मी जातो," म्हणाले.

"थांबा!" दाजी उसळले. "तऱ्हेतऱ्हेचे जीव कसे टिकतात, आत्ता दावतो. ओढा वो बांगडी!"

पुढच्यानं ओढली. एक पट्टी तुटली, मग दुसरी, आणि अख्खं तळं खळकन खाली आलं. दाजींनी काचांकडं पाहिलं, मग शेजाऱ्यांकडं. "माझं गणित चुकलं," ते म्हणाले. "पर सर हितंच ऱ्हातील. त्याला गणित लागत नाय." आणि सरांच्या हातातली ट्रंक ओढून घेऊन स्वतः मागच्या खोलीत ठेवून आले. त्या विक्षिप्त माणसाचा मला तेव्हा फार अभिमान वाटला.

शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं. दाजींनी नव्या बांगड्या टांगल्या. पुढं विद्यापीठाचं नाव बदललं, शहराचंही बदललं, गणित मात्र काही सुटलं नाही. दाजी गेले तेव्हा बायका ताईच्या बांगड्या फोडायला आल्या. "माझ्या बांगड्या वर टांगल्यात," ताई म्हणाली, "हात लावून बघा कुणी."

परवा गेलो, तर पिकल्या केसांचे सर स्टुलावर चढून वाळक्या पट्ट्या बदलत होते. "आधी बांगडी ओढा," म्हणाले. ओढली. सगळं तळं हललं, हलतच राहिलं. दाजींची फार आठवण आली. आम्ही दोघं वर बघत उभे होतो, तेवढ्यात ताईनं आतून विचारलं, "चहा टाकू का नको?"