उन्हात मुरवलेलं सीरम

मुकुंदवाडीच्या कडूबाई सांडू यांचा देवापेक्षा उन्हावर जास्त विश्वास. पापड, कुरडया, मिरच्या, गाद्या, सर्दी झालेला नवरा; जे बिघडेलसं वाटतं ते त्या गच्चीवर नेऊन उन्हात ठेवतात. त्याच उन्हानं त्यांच्या पापडांना नाव मिळवून दिलं आणि चेहऱ्यावर सुरकुत्यांचं बारीक जाळं विणलं.

यंदा पापडांची छापील पाकिटं निघणार होती. त्यांवर टाकायला सून संस्कृतीनं इंटरनेटवरून एक तयार आजी निवडली होती. गोरी, गुबगुबीत, नथवाली.

"पापड मी लाटायचे अन् मिरवायचं हिनं? माझाच फोटो पाहिजे," कडूबाई म्हणाल्या.

"मग आई, फोटोपर्यंत हे लावा." संस्कृतीनं व्हिटॅमिन सीच्या सीरमची इवलीशी बाटली दिली. "अँटिऑक्सिडंट आहे. उन्हानं खराब झालेली कातडी जरा सुधारते, सुरकुत्या फिकट होतात."

कडूबाईंनी बाटली उघडून पाहिली. पाण्यासारखं पातळ, बिनरंगी. मुरलंच नाही अजून, असं त्यांचं मत पडलं. बाटलीच्या तोंडाला फडकं बांधून त्यांनी ती लोणच्याच्या बरणीशेजारी गच्चीवर ठेवली. काही दिवसांत सीरम कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं. तेव्हा कुठं समाधानानं त्यांनी ते गालांना चोपडलं.

संस्कृतीनं कपाळावर हात मारला. "आई, हवा-उजेड लागला की ते बाद होतं! अंधारात, गार जागी ठेवायचं असतं."

"मला उन्हापासून वाचवायला आलेलं, अन् त्यालाच ऊन सोसत नाय? लई नाजूक गं बाई तुझं औषध."

गाल मात्र पिवळे झाले. शेजारची मुनिरा भिंतीवरून म्हणाली, "क्या कडू आपा, हल्दी लगी क्या? दूल्हा कौन?"

"जुनाच हाय. वर वाळत घातलाय."

रंग उतरल्यावर फोटो निघाला. छापखान्यातल्या सरफराजनं आपल्या मनानं तो कॉम्प्युटरवर इस्त्री केल्यासारखा गुळगुळीत केला. कडूबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं.

"ही बया कोण? हिनं उन्हात कधी पापड घातलाय का? माझ्या सुरकुत्या परत टाक."

"सगळ्या, मौसी?"

त्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं.

"तोंडावरच्या सगळ्या. गळ्याच्या गेल्या त्या जाऊ दे."