भाऊजींची तीन सर्व्हरची खोली

आमच्या भाऊजींइतका हताश माणूस अख्खा गोंदिया जिल्हा पालथा घातला तरी सापडणार नाही, आणि हे मी कौतुकानं सांगतो आहे. इतर लोक संकट आल्यावर हताश होतात. भाऊजी त्याच्या आधीच होऊन, हातपाय धुऊन, संकटाची वाट बघत बसलेले असत. माझ्या थोरल्या बहिणीशी त्यांचं लग्न लागलं त्या दिवशीची गोष्ट. जेवणं चालू होती. एका पंगतीत माणसं मांडीला मांडी लावून बसलेली आणि दुसऱ्या पंगतीत वाढपी नुसतेच हात बांधून उभे. नवरदेवाला ते बघवेना. डोक्याचं बाशिंग सावरत भाऊजी उठले आणि ओरडले, "इकडे काऊन गर्दी करून राहिले? तिकडे वाढपी रिकामे हायेत ना!" निम्मी पंगत त्यांनी भरल्या पत्रावळीवरून उठवली. माझे वडील माझ्या कानाशी लागून म्हणाले, "जवाई चांगला हाये, पन सुखानं जेवनार नाही." वडिलांचे अंदाज सहसा चुकत; हा चुकला नाही.

या स्वभावाचं मूळ इटियाडोह धरणाच्या कालव्यात आहे. भाऊजींचं गाव कालव्याच्या पार शेपटाला, टेलवर. पाण्याची पाळी कागदावर सगळ्यांची सारखी, पण वरच्या गावांच्या धानाच्या बांध्या तुडुंब भरेपर्यंत खाली नुसता ओलावा यायचा. लहानपणी ते कालव्याच्या काठावर बसून पाणी यायची वाट बघत आणि त्यात जे काही त्यांच्या मनात बसलं ते कायमचं. एकाकडे ओझं आणि दुसरा रिकामा, हे दृश्य त्यांना सहनच होत नसे. ताई बाजारातून दोन पिशव्या घेऊन आली की ते दारातच एकीतले बटाटे दुसरीत घालून दोन्ही हातांचं वजन सारखं करत, तेही ती घरी पोचल्यावर. आमच्या गावी, आमगावला, गल्लीत दोन पिठाच्या चक्क्या होत्या. एकीवर रांग आणि दुसरी रिकामी बघून त्यांनी एकदा सगळ्या बायकांचे निम्मे डबे उचलून दुसरीकडे नेऊन ठेवले. दिवेलागणीपर्यंत कुणाला कुणाचा डबा सापडला नाही. आठवडाभर आमच्या घरी शेजारणीच्या ज्वारीच्या भाकऱ्या होत्या आणि ती आमच्या गव्हाच्या पोळ्या खात होती.

अशा माणसाला दोन हजार सालच्या पुढेमागे गोंदियातल्या एका सरकारी कचेरीत जातीच्या, उत्पन्नाच्या दाखल्यांच्या संगणकांची खोली सांभाळायला मिळाली, याला योगायोग म्हणायचं की शिक्षा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. खोलीत तीन सर्व्हर होते. नवी नोंद फक्त मोठ्यावर व्हायची, उरलेल्या दोघांवर तिची नक्कल जायची आणि शोधाशोधीची कामं तिघांत वाटून दिली जायची. ही वाटणी भाऊजींनी स्वतः बसवली होती, आणि ती अर्थातच पाळीनं. एक काम याला, दुसरं त्याला, तिसरं तिसऱ्याला. न्याय अगदी चोख. घोटाळा एवढाच, की एका पोराचा एक दाखला शोधणं हेही एक काम आणि अख्ख्या तालुक्याची यादी काढणं हेही एकच काम. त्यामुळे एक सर्व्हर धापा टाकायचा आणि बाकीचे दोघे आरामात बसायचे. भाऊजी रोज सकाळी तिघांच्या पाठीवर हात ठेवून बघत. "हा तापून राहिला, अन् हे दोघं थंडेगार. माह्याच हातानं वाटनी केली, तरी असंच!" असं म्हणून ते कपाळाला हात लावत. शेवटी त्यांनी पाळी मोडली आणि ज्याच्या हातात कमी काम त्याला पुढचं द्यायचं असं ठरवलं. तत्त्व मोडल्याच्या दुःखात ते दोन दिवस जेवले नाहीत, असं ताई सांगते.

मग नकलेचं दुखणं निघालं. मोठ्यावर झालेली नोंद दोघांवर पोचायला चार मिनिटं लागत. तेवढ्यात कुणी खिडकीवर विचारलं तर संगणक बेधडक सांगे, असं नावच नाही. गावातला एक दुकानदार खवळला, "अरे साहब, अभी तो फॉर्म दिया है, तुम्हारे सामने!" भाऊजी खिडकीशी जाऊन म्हणाले, "दिलंस बापू, पन पोचलं नाही. वरून सोडलेलं पानी टेलवर लागलीच येते का? बस चार मिनटं." मागे उभ्या असलेल्या शेतकऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांना सर्व्हर कळला होता. दुकानदार पुटपुटत बसला, आणि पाचव्या मिनिटाला त्याचं नाव आलं.

पुढे वरून हुकूम निघायच्या बेतात आला, की ही खोलीच बंद करून सगळं नागपूरला न्यायचं. भाऊजींनी अर्ज केले, हातापाया पडले, तेव्हा एका साहेबांनी अट घातली. "शाळा-कॉलेजच्या प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी मी स्वतः येऊन बसेन. संध्याकाळी पाचपर्यंत काम अडलं नाही तर खोली राहील." भाऊजींनी त्याच क्षणी खोली गेल्यात जमा धरली. "नागपूरची लाईन तुटली का आपला अख्खा जिल्हा बसला ना," ते मला म्हणाले. "गावाकडची मानसं जातीन कुठं मंग?"

त्या दिवशी मी तिथे होतो. मी शाळेत मास्तर, वर्गातल्या पोरांचे अर्ज घेऊन आलेलो. रांग फाटकाबाहेर गेली होती, पण सरकत होती. तीन वाजता साहेबांना भिंतीवरच्या पडद्यावर साऱ्या जिल्ह्यातल्या दाखल्यांचा आकडा हवा झाला, दर मिनिटाला बदलणारा. भाऊजी म्हणाले, "धाकट्या सर्व्हरवरून देतो साहेब, चार मिनटं जुना राहीन." साहेब म्हणाले, "जुना आकडा मला नको. आत्ताचा दाखवा." आत्ताचा आकडा फक्त मोठ्यावर. तो लावला आणि मोठा सर्व्हर त्याच्याच मोजणीत अडकून बसला. पडद्यावर आकडा दिमाखात झळकत होता आणि खिडक्यांवर एकही नोंद होईना. भाऊजींनी दोनदा विनवलं. साहेबांनी घड्याळाकडे बोट दाखवलं, "पाचच्या आत पडदा बंद झाला तर खोली गेली समजा." भाऊजींनी एकदा रांगेकडे बघितलं, आत गेले आणि साहेबांचा आकडा बंद केला. पडदा काळा झाला. रांग चालू लागली आणि सगळ्यांचे दाखले निघाले.

साहेबांनी अहवालात लिहिलं, यंत्रणा बंद पडली. महिन्याभरात तिन्ही सर्व्हर टेम्पोत चढले आणि भाऊजी आवक-जावक विभागात टपाल फोडायला बसले. मला फार राग आला, साहेबांचा थोडा आणि भाऊजींचा जास्त. परवा न राहवून मी विचारलंच, "भाऊजी, दोन तास आकडा राहू दिला असता तर काय झालं असतं? खोली तर वाचली असती!"

भाऊजी म्हणाले, "शेवटली बाई पार तिकडं नवेगाव बांधची होती. कागद घेतला, पोरीचं नाव बराबर हाये का ते दोनदा वाचलं, अन् धावतच गेली. शेवटली बस सुटून राहिली होती ना तिची."

"मग? सापडली का बस?"

"तेच तं मालूम नाही ना बाबू," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका पडला की मला पुढे रागावता येईना. खोली गेल्याचं दुःख त्यांनी आजवर एका शब्दानं बोलून दाखवलेलं नाही. ती बाई त्या संध्याकाळी घरी कशी पोचली असेल, याचा घोर मात्र त्यांना अजून आहे, आणि आता तो मलाही लागला आहे.